खांब आत आहे

छायाताई लांजेवारांशी माझं पहिलं भांडण एका खांबावरून झालं, आणि तेव्हा तो खांब नुसता कागदावर होता.

दोन हजार अठराचा उन्हाळा. कॅनडातल्या रिचमंड हिलमधल्या आमच्या घराला एक्स्टेन्शन करायचं ठरलं होतं. बाजूला दोन गाड्यांचं गॅरेज आणि त्याच्या डोक्यावर एक मोठी खोली. छायाताई तेव्हा एका म्हाताऱ्या गोऱ्या इंजिनिअरच्या ऑफिसात नोकरीला होत्या. नकाशे त्या काढायच्या, आकडेमोडही त्याच करायच्या. आमच्या डायनिंग टेबलवर त्यांनी नकाशा पसरला. गॅरेजला नऊ-नऊ फुटांची दोन दारं, आणि दोघांच्या मध्ये एक खांब.

"हा मधला खांब नको," मी म्हणालो.

"काहून?"

"गणपती दिसणार नाही."

छायाताईंनी पेन्सिल कानामागे खोचली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी माझं स्वप्न सांगितलं. आमच्या आसपास तीस-पस्तीस मराठी घरं आहेत, आणि आमचं एक छोटं मंडळ आहे. दर वर्षी बाप्पा भाड्याच्या हॉलमध्ये बसतो, बास्केटबॉलच्या जाळीखाली. एक वर्ष तरी तो आमच्या गॅरेजमध्ये बसावा, समोर सताड मोकळं तोंड असावं, आणि रस्त्यावरून येणाऱ्याला ड्राइव्हवेतूनच दर्शन व्हावं. त्यात बाप्पाच्या तोंडासमोर खांब म्हणजे काय शोभा?

"दोन दारं घेतली तर वरचं वजन तीन जागी वाटल्या जाते, भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "एकच सोळा फुटांचं दार घेतलं तर सगळं दोन पायांवर येते. वरून मोठा लोखंडी गर्डर लागेल, दोन्ही टोकांना पोलादी खांब लागतील, अन् खांबांखाली पक्कं काँक्रीट."

"लागू दे."

"बाप्पाचं नाव घेतलं तुम्ही, मंग काय बोलणार. पण त्या दोन खांबांशी खेळ नाही करायचा."

मी म्हटलं, मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे, बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, मला कामाची शिस्त शिकवू नका. त्यावर त्यांनी चहाचा कप उचलला. माझ्या बायकोला, शुभदाला, मात्र हसू आवरलं नाही.

छायाताई मूळच्या नागपूरच्या. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाल्यावर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात लागल्या. उमरेडकडे अकरा वर्षं. मोऱ्या, छोटे पूल, शाळांच्या खोल्या. जागेवर जाऊन मापं घ्यायची, रात्र रात्र आकडे मांडायचे आणि फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवायची. साहेब फाइल न उघडता समासात 'पाहिले' असं लिहायचे आणि खाली सही ठोकायचे. छायाताई हे सांगताना साहेबांची नक्कल करायच्या. मान वर, नजर खिडकीबाहेर, हात मात्र कागदावर चालू. आम्ही पोट धरून हसायचो.

"कोनशिलेवर मंत्र्याचं नाव, कार्यकारी अभियंत्याचं नाव," त्या म्हणायच्या. "अन् पुलाखाली चिखलात उतरून टेप कोण धरून उभं होतं? मी."

दोन हजार पाच साली नवरा हेमचंद्र यांच्याबरोबर त्या कॅनडात आल्या आणि एटोबिकोच्या एका अपार्टमेंटमध्ये राहिल्या. तीन वर्षं ग्रोसरीच्या दुकानात कॅश काउंटरवर उभ्या राहिल्या. मग त्या म्हाताऱ्याच्या ऑफिसात लागल्या. तिथेही तेच. आकडे यांचे आणि नकाशावर शिक्का त्याचा. पण त्याच्याबद्दल त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही. "तो पाहत होता," एवढंच म्हणायच्या, "एक एक आकडा पाहत होता. त्याच्यापाशी शिकली मी." या देशात स्वतःच्या सहीनं काम करायचं तर इंजिनिअरचा परवाना लागतो, आणि त्यासाठी पुन्हा परीक्षा. छायाताईंनी त्या बसमध्ये अभ्यास करून दिल्या. इमारतीखालच्या मातीच्या पेपरात दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा पास झाल्या. दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात परवाना हातात आला तेव्हा त्यांचं वय एक्कावन्न होतं.

परवान्याबरोबर शिक्का आला. गोल रबरी शिक्का, वर 'परवानाधारक इंजिनिअर' अशी अक्षरं आणि मध्ये त्यांचं नाव. छायाताईंनी तो डबीसकट रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. हळदीकुंकवाला गेल्या की बायकांना दाखवायच्या. पण शाई अजून लावली नव्हती. त्याच सुमारास म्हातारा रिटायर होऊन आपल्या कॉटेजवर राहायला गेला. आमच्या नकाशांवर शिक्का त्याचा होता. पण गर्डर आणि खांब नकाशाप्रमाणे बसलेत हे जागेवर पाहून सिटीला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, पत्र द्यायचं काम आता छायाताईंकडे आलं.

"पहिला शिक्का तुमच्या गॅरेजवर, उल्हासभाऊ," त्या म्हणाल्या. मला केवढा अभिमान वाटला! जणू मीच परीक्षा दिली होती.

काम चारुदत्तकडे होतं. हा कऱ्हाडचा गडी, चार माणसं घेऊन घरांचे लाकडी सांगाडे उभे करतो. माणूस सरळ, हात स्वच्छ. पण परमिट उशिरा मिळालं, गर्डर उशिरा आला, आणि ऑगस्ट उजाडला तरी गॅरेजला नुसता सांगाडाच होता. इकडे त्या वर्षी गणेश चतुर्थी आली दोन सप्टेंबरला, म्हणजे नेमकी लेबर डेला. सगळ्यांना सुट्टी. पण सुट्टी म्हणूनच नेहमीचा हॉल बंद. मंडळाच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष भाऊसाहेब डोक्याला हात लावून बसले होते. मी उभा राहिलो आणि छाती काढून म्हणालो, "बाप्पा आमच्या गॅरेजमध्ये बसेल." टाळ्या पडल्या. शुभदानं टाळ्या वाजवल्या नाहीत.

यानंतर मी जे केलं ते आपल्याच माणसाला सुचू शकतं. एकदा का चतुर्थीची तारीख ठरली की आपल्याला बाकीच्या सगळ्या तारखा मऊ वाटायला लागतात. इथला नियम साधा आहे. सिटीचा इन्स्पेक्टर येऊन बघेपर्यंत सांगाडा उघडा ठेवायचा. इन्स्पेक्टर येणार होता चतुर्थीनंतरच्या बुधवारी. पण उघडा सांगाडा, लोंबणाऱ्या वायरी, आणि त्यापुढे बाप्पा? पाहुणे फोटो काढणार! मागच्या भिंतीला पडदे लावता येत होते. दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना मात्र काही करता येईना. त्या भिंतींमध्येच दोन्ही खांब होते. मी चारुदत्तला न विचारता परस्पर ड्रायवॉलवाले, म्हणजे सांगाड्यावर प्लास्टरचे बोर्ड ठोकणारे, बोलावले आणि तेवढ्या दोन भिंती पांढऱ्या बोर्डांनी बंद करून घेतल्या. वर रंगही मारून घेतला.

"छायाताईंना विचारलंस?" शुभदा म्हणाली.

"फोटो काढलेत ना मी. आपल्याच आहेत त्या, करतील ॲडजस्ट."

शनिवारी, चतुर्थीच्या दोन दिवस आधी, छायाताई अकरा वाजता आल्या. अंगात फिकट निळा सलवार कुर्ता, पायात लोखंडी टोकाचे कामाचे बूट, हातात टॉर्च आणि दाढीच्या आरशाएवढा एक छोटा आरसा. पर्स खांद्याला घट्ट धरलेली. त्यात डबी होती, हे मला माहीत होतं. शुभदानं साबुदाणा वडे तळायला घेतले होते. सिटीचं पत्र मी आधीच प्रिंट करून ठेवलं होतं, पेनसुद्धा शेजारी ठेवलं होतं.

त्या गॅरेजमध्ये आल्या आणि थांबल्या. वर बघितलं. गर्डर दिसत होता, लाल रंगाचा, दणकट, सोळा फुटांच्या मोकळ्या तोंडावर आडवा. मग दोन्ही बाजूंना बघितलं. गुळगुळीत पांढऱ्या भिंती.

"खांब कुठं आहेत?"

"आत आहेत."

"मी पाहिले नाहीत."

मी फोन काढला आणि फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून एक एक फोटो मोठा करून बघितला. डावा खांब, उजवा खांब, वरचे बोल्ट, सगळं होतं. खालच्या बाजूला मात्र सिमेंटच्या पिशव्या आणि लाकडाचा भुसा पडलेला.

"पाय नाही दिसत, भाऊ."

"छायाताई, पाय कुठे जाणार आहेत? खांब उभा आहे म्हणजे पाय आहेतच ना त्याला?"

"भिंत उघडा."

"परवा गणपती आहे!"

"मंग आजच उघडा."

इथे माझं डोकं फिरलं. मी एरवी वाईट माणूस नाही, पण माझा राग दुधासारखा, बघता बघता वर येतो. मी म्हणालो, दीडशे लोकांना बोलावलंय. भिंतीला रंग दिलाय. आणि तुम्ही आपल्या असून परक्यासारखं वागताय. आणि मग, जे बोलायला नको होतं तेही बोलून गेलो. "चौदा वर्षं थांबलात शिक्क्यासाठी, आणि आता मारायची वेळ आली तर हात थरथरतोय तुमचा!"

शुभदा झारा हातात घेऊन दारात उभी होती. माझी बारा वर्षांची मुलगी ऊर्मी जिन्यावर बसून सगळं ऐकत होती. "डॅड, दॅट वॉज सो रूड," ती म्हणाली.

छायाताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, उघडला, आणि डबी हातावर धरून मला दाखवली.

"मला मारायचाच आहे, उल्हासभाऊ. तुमच्यापेक्षा घाई मला आहे. सकाळपासून तीनदा डबी उघडून पाहिली मी. पण साहेबासारखं खिडकीतून पाहत सही करायची असती, तर उमरेडलाच बरी होती ना मी."

मला लाजही वाटत होती आणि रागही गेला नव्हता. तो राग काढायला मी टूलबॉक्समधला हातोडा घेतला आणि डाव्या भिंतीवर घातला. नव्या रंगाचे ढलपे उडाले. बोर्डाला जमिनीपर्यंत भगदाड पाडलं. छायाताई गुडघ्यांवर बसल्या, टॉर्च लावला, आरसा आत सरकवला. खांबाखालची लोखंडी प्लेट काँक्रीटवर चपखल बसली होती, मधली फट राखाडी सिमेंटनं गच्च भरलेली. चारही बोल्ट जागेवर.

"एकदम मस्त काम आहे," त्या म्हणाल्या.

"बघा! बघितलंत?" मी विजयी झालो. "उगाच भिंत फोडायला लावली!"

"आता उजवी."

उजवी फोडताना मी तोंडानं काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. भगदाड पडलं. छायाताई बसल्या, आरसा आत सरकवला आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मग बाजूला सरकून त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला.

"तुम्हीच पाहा."

मी वाकलो. उजव्या खांबाच्या प्लेटखाली सिमेंट नव्हतंच. बोटभर फट होती, आणि तिच्यात दोन लाकडी पाचरी ठोकलेल्या. एवढा मोठा गर्डर, वरची आख्खी खोली, आणि त्यांचं अर्धं वजन त्या दोन पाचरींवर.

त्याच क्षणी मला एक फोन आठवला. आठ-दहा दिवसांपूर्वीचा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, एका हातात कॉफी, कानाला फोन, आणि पलीकडून चारुदत्त सांगतोय, "दादा, खांब लेव्हल केलेत, डावा भरून झालाय. उजव्याखाली भरायचं राहिलंय, सोमवारी येऊन भरतो. तोवर तात्पुरत्या पाचरी आहेत." आणि मी म्हणतोय, "हो हो, हो हो." त्याच संध्याकाळी मी ड्रायवॉलवाल्यांना बोलावलं होतं.

चारुदत्तला फोन लावला. तो तासाभरात आला आणि भगदाड बघून त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "दादा, सोमवारी आलो होतो मी. भिंत बंद दिसली. म्हटलं, दादांनी दुसऱ्या कुणाकडून भरून घेतलं असणार, नाहीतर बंद कशाला करतील?" म्हणजे त्याला वाटलं मी बघितलं, मला वाटलं त्यानं बघितलं, आणि त्या पांढऱ्या रंगामागे पाचरी निवांत बसल्या होत्या.

"पडलं असतं का हो?" शुभदानं हळूच विचारलं.

"पडलं असतं असं मी म्हणत नाही, वहिनी," छायाताई म्हणाल्या. "वर माणसं राहिली असती, फेब्रुवारीत छपरावर बर्फ साचला असता, लाकूड दबलं असतं. गर्डर एका बाजूनं खाली आला असता. दार अडकलं असतं, वरची भिंत तडकली असती. पुढचं मला नाही माहीत. ज्याचं माहीत नाही, त्यावर सही कशी करू?"

मी माफी मागितली. मला माफी मागता येत नाही, याला शुभदा साक्षीदार आहे. पण त्या दिवशी मागितली, हात जोडून, ऊर्मीसमोर. छायाताई म्हणाल्या, "राहू द्या, वडे थंड होऊन राहिले," आणि आधी वडे खाल्ले.

मग कामाला लागल्या. उजव्या टोकापासून दोन फूट आत, दाराच्या मोकळ्या तोंडातच, चारुदत्तनं खाली जाड फळी टाकून लोखंडी टेकू उभा केला आणि गर्डरचं वजन त्याच्यावर घेतलं. पाचरी काढल्या, त्या जागी लोखंडी पट्ट्या सरकवल्या, आणि वाळल्यावर आकसत नाही असं खास सिमेंट फटीत कोंबून भरलं. छायाताई शेजारी पालथ्या बादलीवर बसून शेवटपर्यंत बघत होत्या. मग हुकूम सुटला. मंगळवारपर्यंत टेकू हलवायचा नाही, आणि तोवर वरच्या खोलीत एक माणूस जायचा नाही.

"आणि गणपती?" मी भीत भीत विचारलं.

"बाप्पा खालीच बसणार ना? बसू द्या. टेकू भक्कम आहे, मी पाहिला."

अशा रीतीनं, ज्या माणसानं बाप्पासमोर खांब नको म्हणून सोळा फुटांचा गर्डर बसवला, त्याच्याच गॅरेजमध्ये सोमवारी बाप्पासमोर खांब होता. ड्राइव्हवेच्या उजव्या अंगाला उभं राहिलं की बाप्पाच्या बरोबर सोंडेवर टेकू यायचा. दोन्हीकडच्या भिंतींना भगदाडं. शुभदानं टेकूला वरपासून खालपर्यंत झेंडूच्या माळा गुंडाळल्या आणि भगदाडांपुढे समया ठेवल्या. माझ्या रंगवलेल्या भिंतींपेक्षा ते चांगलं दिसत होतं, हे मला कबूल करावं लागलं.

छायाताई आल्या त्या पैठणी नेसून. बाप्पाला हळदकुंकू वाहिलं आणि वरच्या खोलीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसल्या. पोरं वर पळायला बघत होती. एकालाही सोडलं नाही. आरती सुरू झाली तेव्हासुद्धा तिथूनच टाळ्या वाजवत होत्या, आणि त्यांची नजर बाप्पाकडून गर्डरकडे, गर्डरकडून बाप्पाकडे फिरत होती. भाऊसाहेबांना ग्रुप फोटो काढायचा होता. ते टेकूजवळ जाऊन म्हणाले, "हा जरासा बाजूला सरकवता येईल का?"

"येईल ना," जिन्यावरून आवाज आला. "फक्त आधी सगळ्यांना बाहेर काढा."

भाऊसाहेबांनी टेकूला धरूनच फोटो काढला. तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर अजून फिरतो. दीड दिवसानं, मंगळवारी दुपारी, विसर्जन झालं. बादलीत, मागच्या अंगणात. तासाभरानं चारुदत्तनं टेकू हळूहळू सैल केला. छायाताईंनी गर्डरला मोजपट्टी लावून ठेवली होती. टेकू निघाला. गर्डर केसभरही हलला नाही. त्यांनी पुन्हा वाकून आरसा घातला, बोटानं सिमेंट चाचपलं, वर बोल्ट बघितले, आणि मग कुठे उठून हात धुतले.

पत्र त्यांनी स्वतः नव्यानं लिहून आणलं होतं. माझं प्रिंट केलेलं त्यांनी वाचलंही नव्हतं. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला, डबी उघडली, शिक्का शाईवर दाबला. मग कागदावर टेकवला, आणि तळहातानं बराच वेळ दाबून धरला. उचलला तेव्हा निळा गोल स्वच्छ उमटला होता. त्यांनी त्यावर फुंकर घातली. हेमचंद्र त्यांना न्यायला आले होते. ते चष्मा पुसायला लागले. मीही काहीतरी निमित्त काढून घरात गेलो.

बुधवारी इन्स्पेक्टर आला, भगदाडांत टॉर्च मारला, पत्र वाचलं आणि पाच मिनिटांत पास करून गेला.

गुरुवारी चारुदत्त भगदाडं बुजवायला आला. छायाताईही आल्या, आपला विसरलेला आरसा न्यायला. नवा बोर्ड कापून तयार होता. चारुदत्तनं तो उचलला आणि मला वाटलं, आता हा खांब पुन्हा कुणाला दिसणार नाही. मी म्हणालो, "थांब. छायाताई, बंद करण्याआधी आत नाव लिहा तुमचं."

"काहून? कोण वाचणार?"

"कुणी नाही. तरी लिहा."

चारुदत्तनं कानामागची सुताराची जाड पेन्सिल पुढे केली. छायाताई त्या उजव्या खांबापाशी गुडघ्यांवर बसल्या. खांबाला लागून असलेल्या लाकडी पट्टीवर त्यांनी आधी तारीख लिहिली. मग सही केली, पूर्ण नाव, छाया हेमचंद्र लांजेवार. क्षणभर थांबल्या, आणि सहीच्या वर एकच शब्द लिहिला. पाहिले.

बोर्ड चढला, स्क्रू बसले. ऊर्मी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

"व्हॉट डिड शी राइट?"

मी सांगायच्या आधी छायाताईंनीच तिला सांगितलं, बूट झटकत, हसत हसत.

"आय रोट दॅट आय लुक्ड, बेटा."